वही कोणाच्या हाती? पूर्वेतिहास नसलेल्यांची पत



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपली उमेदीची सारी वर्षे तालुक्याच्या गावी एका पतपेढीचे दप्तर सांभाळण्यात घालविली. त्या दप्तराचे स्मरण ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे. ज्याने आजवर कोठे कर्ज काढलेले नाही, अथवा काढून ते इमानेइतबारे फेडले असले तरी त्या फेडीची कागदोपत्री खूण ज्याच्याजवळ नाही, अशा माणसाने आपली पत उभी करावी तरी कशी, आणि ती उभी करण्याच्या कामी समाज त्याचे काय देणे लागतो, हा तो विषय होय. वरवर पाहता तो बँकेच्या व्यवहारातला, कारकुनी स्वरूपाचा वाटेल; परंतु महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाचे एक मर्म त्यात आहे अशी माझी धारणा आहे, आणि ते यथामति आपल्यापुढे मांडावे एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

पुण्यासारख्या शहरात वीस वर्षे सुतारकाम करणारा एखादा कारागीर घ्या. घरभाडे त्याने कधी थकविलेले नाही, वाण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती केली आहे, मित्रमंडळींच्या भिशीत त्याचा हप्ता एकदाही मागे पडलेला नाही, आणि लाकडाच्या वखारवाल्याने केवळ त्याच्या शब्दावर हजारो रुपयांचा माल आजवर सोडलेला आहे. आपल्या पेठेत या माणसाला पत आहे, आणि ती त्याने घाम गाळून मिळविलेली आहे. हाच गृहस्थ जेव्हा यंत्रसामग्रीसाठी लाख-दीड लाखाचे कर्ज मागावयास बँकेची पायरी चढतो, तेव्हा तेथील अधिकारी संगणकाच्या पडद्यावर त्याचा पूर्वेतिहास शोधतो, आणि जेथे तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा एखादा गुणांक असावयाचा तेथे ‘उणे एक’ एवढाच आकडा उमटतो. उणे एक हा दुर्वर्तनाचा शेरा नव्हे. ‘या व्यक्तीच्या कर्जव्यवहाराविषयी आमच्या दप्तरी काही नाही’ एवढाच त्याचा अर्थ आहे. परंतु धनकोच्या मनात अज्ञान आणि संशय यांच्यामधली भिंत फार पातळ असते. अर्ज बाजूला पडतो, आणि ज्याने जन्मात कोणाचा पैसा बुडविला नाही असा माणूस, एकदा बुडवून पुन्हा सावरलेल्या माणसाच्याही मागे उभा राहतो.

पत असणे ही एक गोष्ट, आणि ती पत ज्या वहीत लिहिली जाते ती वही परक्या धनकोला वाचता येणे ही दुसरी. पहिली चारित्र्याची बाब आहे, दुसरी व्यवस्थेची. ज्यांच्याजवळ पहिली आहे आणि दुसरी नाही, त्यांना आपण आजवर सरसकट पतहीन म्हणत आलो, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून वही कोणाच्या हाती आहे, तीत काय लिहिले जाते आणि काय गाळले जाते, आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला स्वतःला ती उघडून पाहता येते की नाही, हेच प्रश्न मला या साऱ्या विषयाच्या मुळाशी दिसतात.

हे प्रश्न नवे नाहीत. 12 मे 1875 रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी, भोवतालच्या खेड्यांतील रयत एकत्र आली आणि तिने सावकारांच्या घरांना व दुकानांना वेढा घातला. पुढे ते लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ज्ञात असलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, माणसांच्या जिवावर उठण्याकडे त्याचा कल फारसा नव्हता; जमावाला हवे होते ते कागद. कर्जरोखे, हुकूमनामे, खातेवह्या यांची मागणी करावयाची, त्या हाती आल्या की चव्हाट्यावर आणून त्यांना आग लावावयाची, आणि सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर पुष्कळदा त्याच्या केसालाही धक्का लावावयाचा नाही, असा एकंदर क्रम होता. अडाणी समजल्या गेलेल्या त्या शेतकऱ्याला आपल्या दुःखाचे नेमके स्थान ठाऊक होते.

ते दुःख निर्माण कसे झाले? 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईच्या पेढ्यांपासून खेड्यातल्या दुकानदारापर्यंत कर्जाचा ओघ सुरू झाला. युद्ध संपले, भाव कोसळले, ओघ आटला. त्याच सुमारास जमाबंदीची फेरपाहणी होऊन सारा मात्र वाढला. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. ऋणकोच्या संरक्षणासाठी म्हणून केलेली ही तरतूद उलटी फिरली. कारण दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि खाली कुणबी आपली नांगराची निशाणी करून मोकळा होई. त्याने मधल्या काळात घातलेले धान्य, दिलेले रोख रुपये, सावकाराच्या शेतावर केलेली मजुरी, यांतले वहीत किती चढले हे पाहण्याचा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. पावती मिळत नसे. कज्जा कोर्टात गेला की कोर्ट रोखा पाही, रोख्यामागचा इतिहास पाहत नसे, आणि कुळ गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा होई.

म्हणजे फेड झालेली होती, पण तिची नोंद नव्हती. आणि नोंद करणारा हात एकट्या धनकोचा होता. आजच्या सुताराची आणि त्या कुणब्याची स्थिती एक आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्या कुणब्याला कर्जाने गाडले होते आणि या सुताराला कर्ज मिळतच नाही. तरीपण दोघांच्याही बाबतीत चोख वागणुकीचा पुरावा हवेत विरून गेलेला आहे, आणि हे साम्य मला महत्त्वाचे वाटते.

दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे, पण त्यातील ज्या कलमांकडे लक्ष वेधावे असे मला वाटते ती फारशी चर्चेत येत नाहीत. कोर्टाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, हे त्यात सांगितले आहेच; पण त्याखेरीज शेतकऱ्याने दिलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती मागण्याचा, सालाबाद हिशेबाचा उतारा मागण्याचा, आणि आपले खाते पासबुकात उतरवून घेण्याचा हक्क या कायद्याने त्याला दिला. ऋणकोच्या हाती त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची प्रत असली पाहिजे, हे तत्त्व आपल्या भूमीवर इतक्या स्पष्टपणे कायद्यात प्रथम उतरले ते येथे. व्यवहारात ते कितपत उतरले, हा निराळा प्रश्न. सावकारांनी रोख्याऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची पळवाट काढली, आणि कर्जापायी जमिनीच विक्रीच्या नावाखाली जाऊ लागल्या. परंतु तत्त्व नोंदले गेले, आणि 1946 च्या मुंबई सावकारी अधिनियमाने हिशेबवह्या ठेवण्याचे व पावत्या देण्याचे बंधन परवानाधारक सावकारांवर घातले, तेव्हा तेच सूत्र पुढे चालले.

1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने निराळी वाट धरली. धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे 1905 साली मुंबई इलाख्यातील पहिल्या सोसायटीने काम सुरू केले, आणि तिच्या मुळाशी जर्मनीतील रायफायझन यांची कल्पना होती: परका धनको ज्याला ओळखत नाही त्याला त्याचा शेजारी ओळखतो, तर शेजाऱ्यांनीच एकत्र येऊन अमर्यादित जबाबदारीने एकमेकांची हमी घ्यावी. विचार थोर होता. परंतु 1951-52 साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, आणि गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिच्या सभासदांत धनंजयराव गाडगीळ होते, आपला अहवाल 1954 मध्ये सादर केला, तेव्हा असे आढळून आले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग जेमतेम तीन टक्के आहे आणि सावकारांकडून येणारा जवळजवळ सत्तर टक्के. पन्नास वर्षांनंतरची ही अवस्था समितीने लपवून ठेवली नाही. सहकार अयशस्वी झाला असला तरी तो यशस्वी केलाच पाहिजे, अशीच तिची भूमिका होती. कर्ज देताना माणसाच्या नावे जमीन किती आहे एवढ्याकडेच न पाहता त्याचे पीक काय येणार आहे हे पाहावे, अशी तिची दिशा होती, आणि पुढे महाराष्ट्रात पीककर्जाची जी पद्धत रूढ झाली तिचा पाया हाच. पूर्वेतिहास नसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे आहे, कारण त्यात मागे काय होते याऐवजी पुढे काय होईल याला महत्त्व आहे.

या साऱ्यात ज्यांचे नावच कोणत्याही वहीत नव्हते त्या स्त्रिया. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार एकटे राहत, आणि त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून राबत. कामगार पगार झाल्यावर पैसे देणार, वाणी मात्र धान्याचे पैसे आधी मागणार किंवा चढ्या भावाने उधार देणार. मधला महिना निभवावयाचा तर डाग गहाण टाकणे किंवा सावकार गाठणे एवढेच मार्ग. या बाया वर्षानुवर्षे जबर व्याज भरत होत्या, म्हणजे कर्ज फेडण्याची त्यांची शक्ती आणि दानत रोजच्या रोज सिद्ध होत होती. पण बँकेच्या लेखी त्यांचा पूर्वेतिहास शून्य होता. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, या बायांचे गट बांधले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला. तारण नव्हते, जामीनदार नव्हता. गटातील बायाच एकमेकींच्या जामीन राहिल्या. सावकाराला चुपचाप जाणारा तोच पैसा बँकेच्या पावतीवर चढू लागला, आणि तेव्हापासून त्या बायांना पत आहे असे जगाला दिसू लागले.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकतही अशीच बोलकी आहे. माण तालुका दुष्काळी. तेथे चेतना सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या स्त्रियांनी अक्षरओळख करून घेतली, त्या पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आपण तोंडी करून दाखवितो, पाहिजे तर आपल्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर करून पाहावा, असे त्यांनी सांगितले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना हिशेब येत नव्हता असे मानणे किती चुकीचे होते, हे या प्रसंगाने दाखविले.

1992 पासून नाबार्डने बचतगट आणि बँक यांची जी सांगड घातली तिचे बळही नोंदीत आहे. गावातल्या एखाद्या बचतगटाची बैठक पाहिली असेल त्याला हे सांगावयास नको. देवळाच्या ओसरीवर सतरंजी, मधोमध पत्र्याची पेटी, इतिवृत्ताची वही, रोकडवही, सभासदांची खातेवही, आणि प्रत्येकीच्या पिशवीत तिचे स्वतःचे पासबुक. हप्ता देणारी प्रत्येक बाई नोट मोजून देते, आणि लिहिणारी सचिव तो आकडा मोठ्याने वाचून दाखविते, मग बाकीच्या माना डोलावतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि वह्यांची चोख नोंद, ही जी पंचसूत्री बचतगटांना शिकविली जाते, तिच्यातील पाचव्या सूत्राशिवाय पहिली चार बँकेला दिसतच नाहीत. आणि येथे नोंद लिहिली जाते ती जिच्याविषयी लिहिली जाते तिच्यासमक्ष. सुप्याच्या रयतेला नेमके हेच नाकारले गेले होते.

आता आजच्या वहीकडे वळू. 2000 साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरोची स्थापना झाली, जिला आपण सर्व सिबिल म्हणतो. 2005 साली पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या देशात काम करतात. बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि सहकारी बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची माहिती त्यांना पुरवितात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जाई, 1 जानेवारी 2025 पासून पंधरवड्याला जाऊ लागली. बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेव, पगार यांचा या वहीशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुष्कळ सुशिक्षित माणसांचीही समजूत असते की बँकेत भरपूर पैसा ठेवला की आपोआप पत वाढते. या वहीत फक्त कर्ज आणि त्याची फेड लिहिली जाते. ज्याने कर्जच घेतले नाही त्याचे पान कोरेच राहणार.

एका भाजीविक्रेत्या बाईंचा पत-अहवाल मी त्यांच्या संमतीने पाहिला आहे. 2020 साली फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून त्यांनी पहिले दहा हजारांचे कर्ज घेतले होते. (आता ही योजना 2030 पर्यंत वाढविली असून पहिला टप्पा पंधरा हजारांचा, दुसरा पंचवीस हजारांचा आणि तिसरा पन्नास हजारांचा आहे.) अहवालाच्या त्या कागदावर महिन्यांचे चौकोन ओळीने मांडलेले होते, आणि प्रत्येक चौकोनात तीन शून्ये होती. बाईंनी विचारले, ‘‘एवढी शून्यं कशाची हो? मी तर हप्ता भरला होता.’’ त्यांना समजावून सांगावे लागले की हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा येथे लिहितात, आणि शून्य म्हणजे एकही दिवस उशीर नाही. त्या पुष्कळ वेळ तो कागद हातात धरून पाहत राहिल्या. आपल्या रोजच्या कष्टांची लेखी कबुली त्यांनी प्रथमच पाहिली होती. दुसऱ्या टप्प्याचे कर्ज त्यांना त्याच शून्यांच्या आधारावर मिळाले.

ज्याला या वहीत आपले पहिले पान उघडावयाचे आहे, त्याने काय करावे हे आता सांगतो. आणि ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण या विषयावर गुळमुळीत उपदेश पुष्कळ होतो. सर्वांत निर्धोक मार्ग, बँकेत लहानशी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मागण्याचा. बँकेचा पैसा सुरक्षित असल्यामुळे पूर्वेतिहासाची अट ती सहसा घालीत नाही, आणि कार्डाचा व्यवहार मात्र वहीत इतर कर्जासारखाच चढतो. या कार्डावर महिन्याला घरखर्चातलीच एखादी लहान रक्कम घालावी, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहावे, आणि बिलाची पूर्ण रक्कम देय तारखेपूर्वी भरावी. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो पुष्कळांना फसवितो. तेवढीच भरल्यास थकबाकीचा शेरा बसत नाही हे खरे, पण उरलेल्या रकमेवर जे व्याज चढते ते जुन्या सावकारालाही लाजविणारे असते. सोनेतारण कर्ज घेऊन ते वेळेत सोडविणे, किंवा शिलाई यंत्रासारखी उपजीविकेची वस्तू बँकेच्या वा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या हप्त्याने घेणे, हेही मार्ग आहेत. जोडधंद्यासाठी मुद्रा योजनेतील शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत विनातारण मिळते. यांपैकी एकच मार्ग धरावा. सहा महिने चोख व्यवहार झाला की साधारणतः गुणांक तयार होऊ लागतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याला वजन येते. याहून जवळची वाट नाही, आणि ‘तुमचा सिबिल वाढवून देतो’ अशी जाहिरात करून पैसे घेणाऱ्यांकडेही ती नाही.

कर्ज हवे म्हणून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नये. प्रत्येक अर्जाबरोबर होणारी चौकशी वहीत उमटते, आणि पुढच्या धनकोला हा माणूस अडचणीत आहे असे वाटते. हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा ज्या दिवशी हाती पैसा येतो त्या दिवसाच्या लगेच नंतरची मागून घ्यावी. नोकरदाराला ही सवलत सहज मिळते, रोजंदारीवाल्याने ती आग्रहाने मागावी. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ज्या अनोळखी योजना हिंडतात त्यांच्या वाटेस जाऊ नये, आणि धनको रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेला आहे की नाही हे आधी पाहावे.

जामीनकीविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या समाजात ती नात्यागोत्याच्या भिडेने दिली जाते. मेहुण्यासाठी, साडूसाठी, कचेरीतल्या सहकाऱ्यासाठी सही करताना पुष्कळांना वाटते की आपण केवळ साक्ष देत आहोत. जामीनदाराच्या वहीतही ते कर्ज चढते, आणि मूळ ऋणकोने थकविले तर जामीनदाराचे पान डागाळते. ज्याने स्वतः एक रुपयाही घेतला नाही त्याची पत दुसऱ्याच्या वर्तनाने जाते. नाते टिकवावयाचे असेल तर सही करण्यापूर्वी हे त्या नातलगालाच स्पष्ट सांगावे.

कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेतल्याशिवाय बँकेतून उठू नये. अडचणीत सापडलेल्या माणसाला ‘एवढे भरा आणि मोकळे व्हा’ अशी तडजोड सुचविली जाते; ती घेणे कधी अपरिहार्य असते, पण वहीत ते खाते ‘पूर्ण फेड’ असे न लिहिता ‘तडजोडीने मिटले’ असे लिहिले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते, हे कोणी सांगत नाही. वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल या चारही कंपन्यांकडून विनामूल्य मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने नागरिकाला दिलेला आहे, तो बजवावा. विशेषतः स्त्रियांनी, कारण लग्नानंतर नाव बदलते, आधारवर एक नाव, पॅनवर दुसरे, आणि एकाच बाईची दोन अर्धी पाने दोन ठिकाणी पडून राहतात. चूक आढळल्यास तक्रार करावी. ती तीस दिवसांत न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन आता आहे. ऋणकोला वही वाचण्याचा आणि ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मिळावा, ही 1879 ची आकांक्षा इतक्या दूरच्या वाटेने का होईना आज पुरी होत आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तथापि या नव्या वहीचे दोष आपण डोळ्यांआड करता कामा नये. पाऊस न झाल्यामुळे थकलेला शेतकरी आणि ऐपत असून थकविणारा व्यापारी, या दोघांच्या चौकोनांत सारखाच आकडा पडतो. वही कारण लिहीत नाही. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीत ज्यांची थकबाकी सरकारने भरली त्यांच्या मागील उशिराच्या नोंदी तेवढ्याने पुसल्या गेल्या नाहीत. पीककर्जासाठी सिबिलचा गुणांक पाहू नका असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांना बँकांना बजावावे लागले, यातच काय ते आले. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने आपल्या जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे, आणि केंद्र सरकारने संसदेत त्याचा पुनरुच्चार केला आहे. आमच्या सुताराने पुढच्या वेळी बँकेत जाताना हे निर्देश शांतपणे, पण ठामपणे, अधिकाऱ्याच्या नजरेस आणून द्यावेत. भिशीची वही, वखारवाल्याच्या बिलांच्या पावत्या, भाड्याच्या पावत्या आणि यूपीआयवर आलेल्या पैशांचा वर्षाचा उतारा बरोबर न्यावा. गुणांक नसेल तेथे अधिकाऱ्याने हे कागद पाहावेत.

शेवटचा मुद्दा या सभागृहात बसलेल्या पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे, आणि तो मी थोड्या कळकळीने मांडणार आहे. महाराष्ट्रात गल्लोगल्ली पसरलेल्या बिगरशेती पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे कर्जव्यवहार या राष्ट्रीय दप्तरात जात नाहीत. परिणाम असा की, ज्या रिक्षावाल्याने, ज्या पोळीभाजी केंद्र चालविणाऱ्या बाईने तुमच्या संस्थेत दहा वर्षांत चार कर्जे घेऊन चारही वेळेत फेडली, ती बँकेच्या दारात पुन्हा उणे एकच ठरते. तुम्ही तिला पैसा दिला, व्याज घेतले, तिच्या सचोटीवर तुमची संस्था उभी राहिली. पण त्या सचोटीचा पुरावा तुमच्या कपाटात कुलूपबंद आहे. बचतगटांच्या बाबतीत 2016 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सभासदनिहाय माहिती देण्यास सांगितले, तशी सोय पतसंस्थांनाही मिळावी म्हणून तुमच्या संघटनांनी सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे मागणी लावून धरावी. त्याला वेळ लागेल. तोवर तुमच्या हातात असलेली एक गोष्ट आहे. कर्ज फिटताच सभासदाला एकपानी दाखला द्या: कर्ज किती होते, हप्ते किती, त्यांतले वेळेवर किती, उशिरा किती, फेड कोणत्या तारखेस पूर्ण झाली, आणि खाली सचिवाची सही-शिक्का. त्याला खर्च नाही, कोणाची परवानगी लागत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावयाच्या आहेत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा ठराव घालता येईल, आणि त्याचा मसुदा हवा असेल तर व्याख्यानानंतर मी तो येथेच बसून लिहून देईन.